भेगा नसलेली पट्टी

बारसं झालं की दुसऱ्या दिवशी खोली खाली करा, असं मी हेमराजला सांगितलं, तेव्हा तो आम्हाला बारशाचंच बोलावणं करायला दारात उभा होता. १९९९ चा मे महिना, तारीख तेवीस. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागायला दोन दिवस होते. सकाळचे नऊ वाजले होते, तरी वर्ध्याजवळच्या आमच्या पिपरी मेघेच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं.

"काकू, लेकरू आठ दिवसाचं हाये," तो म्हणाला. "सव्वादोन किलोचं. डाक्टरीनबाईनं सांगतलं, उनात बाहेर काढूच नका म्हणून. देवळीपर्यंत बस, अन् तिथून गावाले उघडा आटो. कसं नेऊ मी?"

"हा विचार तुझ्या सासूनं आधी करायचा होता."

तो मान खाली घालून मागच्या खोलीकडे गेला. त्याच्या पाठीकडे बघताना मला वाईट वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण मी शब्द मागे घेतला नाही. माझा स्वभावच तसा. शाळेत पोरं मला मागून 'फूटपट्टी' म्हणायची, आणि ते मला ठाऊक होतं.

मी सुधा. तेव्हा वर्ध्याच्या एका शाळेत चोवीस वर्षं विज्ञान शिकवत होते. आमचे हे, दत्तोपंत, एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घर शहाऐंशी साली बांधलं, आणि नंतर कधीतरी मागच्या अंगाला एक खोली काढली भाड्यासाठी. घराखाली यांनी मुरूम भरला होता, पण खोलीच्या वेळी म्हणाले, एवढ्याशा खोलीला कशाला मुरूम, आणि सरळ काळ्या मातीवरच पाया घातला. त्या खोलीत दोन वर्षांपासून हेमराज आणि त्याची बायको रक्षा राहत होते. हेमराज वर्ध्यात कापडाच्या दुकानात होता. पोरगा सालस, पोरगी त्याहून सालस. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण रक्षाला सातव्या महिन्यापासूनच त्रास सुरू झाला आणि दवाखाना जवळ हवा म्हणून बाळंतपणाच्या तोंडावर माहेरच इकडं आलं. म्हणजे तिची आई, प्रमिलाबाई.

आणि प्रमिलाबाई आल्या त्याच आठवड्यात आमचं पाणी गायब व्हायला लागलं.

नळ तिसऱ्या दिवशी यायचा, पाऊण तास. ते पाणी मोटर लावून गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवायचं. टाकीतून एक पाइप आमच्या घरात उतरायचा आणि दुसरा भिंतीवरून खाली येऊन अंगणात जमिनीत शिरायचा. तो जमिनीखालूनच मागच्या खोलीच्या न्हाणीत निघायचा. रात्री भरलेली टाकी सकाळी निम्मी. दत्तोपंत चार दिवस घरातले नळ तपासत फिरले, गच्चीवर चढून टाकीखाली हात फिरवून आले. कुठं थेंब नाही. अंगणात पाणी सांडलं असतं तर दिसलं असतं, चिखल झाला असता. अंगण तर भाकरीच्या तव्यासारखं कोरडं.

मग उरलं कोण? बाळंतिणीला पाणी लागतंच. दोन वेळची आंघोळ, शेक, दुपट्यांचा ढीग. पण म्हणून निम्मी टाकी? मी प्रमिलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दिवसाले पाच-सा बकेटा लागते, बाई. जास्तीचं कायले घेऊ?"

मला राग आला तो या उत्तराचा. पाणी वापरलं म्हटलं असतं तर मी दोन शब्द बोलून गप्प बसले असते. पण तोंडावर खोटं? विज्ञानाच्या बाईशी?

मी प्रयोग केला. अगदी वहीत लिहून देतात तसा. साहित्य: शाळेतली मीटरपट्टी आणि दोरी. कृती: रात्री टाकी भरल्यावर मागच्या खोलीकडे जाणारा कॉक बंद केला आणि पाण्याची उंची लिहून ठेवली. निरीक्षण: सकाळी पट्टी पुन्हा सोडली, बोटभरसुद्धा फरक नाही. म्हणजे गळती नव्हतीच. मग सहा वाजता कॉक उघडला, साडेसहाला बंद केला. अर्ध्या तासात चार बोटं पाणी उतरलं. घड्याळ हातात घेऊन मी स्वतः गच्चीवर उभी होते. सहा-सात बकेटा अर्ध्या तासात.

खाली आले आणि प्रमिलाबाईंना विचारलं, "किती बकेटा भरल्या?"

"तीन. धार लईच बारीक येऊन राह्यली, बाई."

एवढं झाल्यावर कोण सोडेल? मी त्यांना म्हटलं, आजपासून कॉक बंदच राहील. सकाळी मी माझ्या हातानं चार बकेटा मोजून दारात ठेवीन, त्यात भागवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. उंच, काळीसावळी बाई, कपाळावर गोंदण, उन्हानं रापलेला चेहरा. भांडतील असं वाटलं होतं, म्हणून मी तयारीनं उभी होते. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी अंगणाकडे बघितलं.

"बाई, तुमच्या आंगनात साऱ्यात भेगा हायेत. हात जाईल इतक्या. या इथं, घरापासून खोलीपर्यंत, एवढ्याच पट्टीत काऊन नाई?"

"ती वाट आहे. चालून चालून माती बसली आहे."

"चालल्यानं भेग बुजत नाई. आमच्या वावरातल्या गाडीवाटेले बी उन्हाळ्यात भेगा पडते."

"विषय बदलू नका," मी म्हणाले आणि घरात गेले.

आता कुणी विचारेल, मी खोलीत जाऊन स्वतः का बघितलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं. न्हाणीत उभं राहायचं, कॉक उघडायला लावायचा, नळाची धार बघायची. पण ती बाळंतिणीची खोली होती. आमच्याकडे दत्तोपंतांची पूजा सोवळ्यात, आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा बारसं होईपर्यंत ओलांडायचा नाही हे अंगात भिनलेलं. विटाळ. आठवीच्या पोरांना जंतू म्हणजे काय ते शिकवणारी मी, दारापासून चार हातांवर बकेटा ठेवत होते आणि मागे सरत होते. माझा सगळा प्रयोग गच्चीवर झाला. पाइपच्या दुसऱ्या टोकाशी काय होतंय ते बघायला मी गेलेच नाही.

आणखी एक गोष्ट होती. त्याच दिवसांत हेमराज दत्तोपंतांना म्हणाला होता, "काकाजी, खोलीचं दार अडकून राह्यलं. लोटल्याशिवाय उघडत नाई." दत्तोपंत मला घरात येऊन म्हणाले, "झालं सुरू. आज दार, उद्या खिडकी, परवा रंग मागतील." मीही हसले. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं. मे महिन्यात, बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत, दार आकसतं, सैल होतं. हेही मीच शिकवते.

तर हेमराजला नोटीस देऊन झाली. पुढचे तीन दिवस मी चार बकेटा ठेवायची, प्रमिलाबाई उचलायच्या. त्यांनी एकदाही पाचवी मागितली नाही. आतून बाळाचं रडणं यायचं, बारीक, मांजरीच्या पिलासारखं. रक्षा खिडकीच्या गजांतून कधी दिसायची. ओठ सुकलेले. ती मला बघून हसायचा प्रयत्न करायची, मी दुसरीकडे बघायची.

सव्वीस तारखेला बारावा दिवस. बारसं संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते जाणार. हेमराज जेवून पाळणा आणायला वर्ध्यात गेला. एक वाजता वीज गेली. कूलर बंद पडला आणि घर भट्टीसारखं तापायला लागलं. मी ओसरीत ओला टॉवेल मानेवर टाकून बसले होते. प्रमिलाबाई अंगणातल्या टिनाच्या शेडखाली चुलीवर शिरा करत होत्या, बारशाचा. बाहेरच्या झळा आत येऊ नयेत म्हणून त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं होतं.

आधी आवाज आला. मोठा नाही. सुपारी फोडावी तसा, एकच. मग थोड्या वेळानं दुसरा.

"माय," आतून रक्षाची हाक आली. "माय, वरून माती पडून राह्यली."

प्रमिलाबाई उठल्या, दाराशी गेल्या, ढकललं. दार हललं नाही. खांदा लावला. हललं नाही. मी उठून अंगणात आले आणि तेव्हा पहिल्यांदा मला ती चीर दिसली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरपी वर, थेट दाराच्या चौकटीपर्यंत गेलेली. दोन दिवसांपूर्वी तिथं केसभर रेघ होती, मला वाटलं चुना उडाला. आता तिच्यात वही सरकवता आली असती. चौकट एका बाजूनं वर उचलली गेली होती आणि दार तिच्यात पाचर मारल्यासारखं बसलं होतं.

"अहो," मी ओरडले, "बाहेर या."

दत्तोपंत आले. आम्ही तिघांनी मिळून ढकललं. आतून रक्षाही ओढत होती. प्रत्येक धक्क्याला वरून भुरभुर माती पडायची आणि तो सुपारीचा आवाज यायचा.

"ढकलू नका," दत्तोपंत हात मागे घेत म्हणाले. "भिंत येईल खाली."

"मग काय करायचं?"

मी खिडकीशी गेले. गज बोटबोटभर जाड, दोन गजांच्या मधून मूठ जेमतेम जाईल. आत खोलीभर धुरळा. रक्षा भिंतीपासून दूर, पलीकडच्या कोपऱ्यात बाळाला पदराखाली धरून उभी होती. आत हवाच नव्हती. खिडकीतूनच माझ्या तोंडावर आगीची झळ आली.

"लेकराच्या अंगावर ओला फडका टाक," प्रमिलाबाई माझ्या खांद्यावरून ओरडल्या. "डोक्यावर टाक, रक्षा. पानी टाक."

"पानी नाई, माय." रक्षाचा आवाज अगदी शांत होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "सकाळीच सरलं. एक बकेट तू सैपाकाले काढली न."

चार बकेटा. मी मोजलेल्या. सकाळी बाळाच्या आंघोळीला दोन, दुपट्यांना एक, आणि बारशाच्या स्वयंपाकाला एक बाजूला काढून ती चुलीपाशी ठेवलेली. ती शेडखाली होती, झाकलेली, दारापासून पंधरा पावलांवर.

बाळाचं रडणं थांबलं होतं. एवढा वेळ ते रडत होतं आणि मला त्याचा त्रास होत होता.

मी धावले. चुलीजवळच्या बकेटीत अंगावरचा टॉवेल बुडवला, तांब्या भरला, आणि खिडकीतून हात आत घातला. कोपरापर्यंत. विटाळ वगैरे काही आठवलं नाही. रक्षा खिडकीशी आली आणि तिनं टॉवेल ओढून घेतला. तांब्या गजांतून जाईना, मग मी तो तिरपा धरला आणि ती एका हाताच्या ओंजळीत पाणी घेत राहिली. एक ओंजळ बाळाच्या डोक्यावर. एक तोंडावर. मी बघत होते. काही होईना. दुसरी ओंजळ. मग ते बारकं तोंड वाकडं झालं आणि त्यातून एक चिरका सूर निघाला.

"रडलं," मी म्हणाले. "प्रमिलाबाई, रडलं."

त्या तिथं नव्हत्या. शेडमागून दत्तोपंतांची जुनी सब्बल ओढत येत होत्या, पुरुषभर उंचीची लोखंडी कांब. मला वाटलं त्या दारावर घालणार.

"अहो, दार नका," दत्तोपंत म्हणाले, "भिंतीला धक्का बसेल."

"दाराले नाई हात लावत," त्या म्हणाल्या. "जमिनीले लावतो."

त्यांनी उंबऱ्याच्या उचललेल्या बाजूला, चौकटीच्या पायाशी सब्बल रोवली. खणल्यासारखी दोनदा-तीनदा मारली. मे महिन्यात आमच्या अंगणात सब्बल मारली तर ठिणगी उडावी अशी माती. पण इथं सब्बल लोण्यात जावी तशी आत गेली. त्यांनी भराभर माती काढली, काळी, गोळे वळता येतील अशी. एका हाताचा खड्डा झाला तशी चौकट खाली बसली. बोटभरच. करकर आवाज आला आणि दार वरच्या अंगाला मोकळं झालं.

"आता ओढ, रक्षा. हळू."

दार दीड वीत उघडलं. बाळ आधी आलं. रक्षानं ते फटीतून पुढं केलं आणि सगळ्यात जवळ मी उभी होते, म्हणून ते माझ्या हातात आलं. ओलं, तापलेलं, सव्वादोन किलो. मग रक्षा, अंग चोरून, पोट ओढून घेत. प्रमिलाबाईंनी तिला काखेत हात घालून बाहेर खेचली.

मी बाळाला घेऊन सरळ माझ्या घरात गेले, देवघरावरून, आतल्या खोलीत, जिथं थोडा गारवा होता. दत्तोपंत बघत होते. त्यांनी सरकून वाट दिली. माझ्या मागे रक्षा आली आणि जमिनीवरच बसली. आणि तेवढ्यात मागून धाडकन आवाज आला. मोठा.

दाराच्या वरचा विटांचा थर खाली आला होता. आम्ही नंतर बघितलं. अर्ध्या विटा उंबऱ्यात होत्या आणि अर्ध्या रक्षाच्या खाटेवर, उशीच्या जागी.

मी अंगणात परत आले तेव्हा प्रमिलाबाई त्या बिनभेगांच्या पट्टीवर उभ्या होत्या. सब्बल हातातच होती. त्या पट्टीच्या मधोमध त्यांनी ती उभी धरली आणि सोडली. फार जोर लावला नाही. ती कोपरभर आत गेली. वर काढली तेव्हा खालचं टोक चिखलानं माखलेलं होतं.

"बाई," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वर जा अन् कॉक सोडा."

मी गच्चीवर गेले. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मला कळत होतं की खाली काय दिसणार आहे. तरी मला वाटत होतं की ते दिसू नये. कॉक फिरवला. टाकीत पाण्याचा घुर्र आवाज झाला. मी गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून बघितलं. सब्बलीच्या भोकातून आधी बुडबुडे आले. मग गढूळ पाणी, बोटभर उंच, उकळी फुटल्यासारखं. ते पट्टीवरून पसरत गेलं, पट्टीच्या कडेला असलेल्या भेगेपर्यंत पोचलं आणि तिच्यात उतरून नाहीसं झालं. अंगण दोन हातांवर पुन्हा कोरडं.

म्हणून चिखल दिसला नव्हता. पाइप तिथं फुटलेला, पाणी आतल्या आत माती फुगवत पायापर्यंत जात होतं आणि उरलेलं भेगा पीत होत्या. कॉक बंद केला की गळती बंद व्हायची, आणि मी त्याला चोरीचा पुरावा म्हणत होते. संध्याकाळी आमच्याच लेआऊटमधला, वसाहतीतला, ताराचंद मिस्त्री आला. त्यानं पाइप उकरून दाखवला, हातानं दाबला तसा तो पापडासारखा मोडला. "काळी माती लोखंड खाते, मॅडम," तो म्हणाला. "पाइपच्या भोवती रेती टाकाले पाह्यजे होती. पाणी महिन्याभरापासून जात असन." प्रमिलाबाई यायच्या आधीपासून. तेव्हा नळ रोज यायचा म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

बारसं आमच्या घरात झालं. पोरीचं नाव गुंजन ठेवलं. पाळणा टांगायला हेमराजला दत्तोपंतांनी स्वतः कडी शोधून दिली. दुसऱ्या दिवशीच्या बसचं कुणी नाव काढलं नाही. सगळे निजानीज व्हायच्या आधी मी प्रमिलाबाईंपुढे गेले आणि म्हणाले, "माझं चुकलं. मी तुम्हाला चोर म्हटलं." तोंडानं मी चोर म्हटलं नव्हतं कधी. पण त्यानं काय फरक पडतो?

"लेकरू वाचलं न," त्या म्हणाल्या. "सोडा आता."

मला वाटलं, सुटलं. सव्वा महिना होईपर्यंत ते सगळे आमच्या पुढच्या खोलीत राहणार असं ठरलं. ताराचंदनं नवा पाइप टाकला, टाकी भरलेली राहू लागली, मी घरातला नळ त्यांना दाखवून म्हटलं, हवं तेवढं घ्या.

पण बारशाच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला मला हापशीचा आवाज ऐकू आला. लेआऊटच्या कोपऱ्यावर एक हापशी होती, खारवट पाण्याचा हातपंप, कपडे धुण्यापलीकडे कुणी तिच्याकडे जात नसे. खिडकीतून बघितलं तर प्रमिलाबाई डोक्यावर पाण्यानं भरलेला एक पितळी गुंड आणि कमरेवर एक घेऊन येत होत्या. चार खेपा केल्या. त्या पाण्यावर बाळाची आंघोळ झाली, दुपटी झाली, त्यांचा चहासुद्धा झाला. मी गडबडून म्हटलं, "अहो, नळ आहे ना घरात."

"असू द्या, बाई."

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्या दिवशी मी चिडले. चिडणं मला येतं. म्हटलं, "माफी मागून झाली. आता काय पाय धरू?"

त्यांनी डिंकाचे लाडू वळता वळता माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता. "राग नाई जी, बाई. तुमी चांगल्या हा. पन तुमी मोजलं न. आता तुमच्या नळाखाली बकेट ठेवली का माह्या मनात आपोआप येते, एक झाली, दोन झाल्या. मोजल्याबिगर भरवतच नाई मले. त्याच्यापेक्षा हापशी बरी."

माझ्याशी बोलायच्या, हसायच्या. माझं डोकं दुखलं तर तेल लावून द्यायच्या. लाडूतला पहिला लाडू मला द्यायच्या. पण अठ्ठावीस दिवस त्या बाईनं माझ्या घरातलं तांब्याभर पाणी घेतलं नाही. रोज पहाटे हापशीची करकर सुरू झाली की मी अंथरुणात डोळे मिटून पडून राहायची. दत्तोपंत बाजूला जागेच असायचे. विज्ञानाच्या तासाला त्या जूनमध्ये प्रयोगवहीचं पहिलं पान शिकवताना 'अनुमान' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि माझा खडू थांबला. पोरं बघत राहिली.

सव्वा महिना संपला. शेवटच्या दिवशी सकाळी आंघोळ घालून, बाळाला काजळतीट करून ते निघणार होते. हेमराजनं देवळीकडेच एका दुकानात काम धरलं होतं. मला रात्रभर झोप नव्हती. साडेचारला उठले. कुणाला न उठवता स्वयंपाकघरातले दोन गुंड घेतले आणि हापशीवर गेले.

त्रेपन्न वर्षांची होते मी. जन्मात हापशीचा दांडा धरला नव्हता. पहिल्या वीस हापशांत पाणीच आलं नाही. मग आलं ते अर्धं माझ्या साडीवर. पहिली खेप आणताना कमरेत असली कळ आली, की मी रस्त्यातच गुंड टेकवून बसले. उठले. पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला प्रमिलाबाई रस्त्यात समोर आल्या, रिकामे गुंड घेऊन. उजाडायला लागलं होतं. त्यांनी माझी ओली साडी बघितली, गुंड बघितला, माझे दोन्ही हात बघितले. मी थांबले नाही. थांबले असते तर रडले असते.

घरी आल्यावर मी ते पाणी चुलीवर ठेवलं. लाकडं पेटेनात, फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या धुराच्या आडोशानं मी रडून घेतलं. प्रमिलाबाई मागून आल्या. बसल्या. माझ्या हातातली फुंकणी घेतली, दोन फुंकांत जाळ केला. पाण्यात बोट घालून बघितलं. मला वाटलं, त्या आता उठतील आणि आपलं पाणी आणायला हापशीकडे जातील.

त्यांनी ते पाणी न्हाणीत नेलं आणि पाट मांडला. रक्षाच्या कुशीतून गुंजनला घेतलं, तिचे कपडे काढले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाय लांब करून बसा, बाई."

मी पाटावर बसले आणि पाय लांब केले. त्यांनी ती साडेतीन किलोची पोर माझ्या नडग्यांवर पालथी घातली आणि तांब्या भरून माझ्या हातात दिला.